दोनदा आलेले शब्द

मिक्सर घेताना दुकानदाराला विचारा, "याला गॅरंटी आहे ना?" तो हमखास आपल्याला सुधारतो, "गॅरंटी नाही हो, वॉरंटी आहे." बाजाराचा संकेत सगळ्यांना पाठ असतो. गॅरंटी म्हणजे वस्तू बदलून मिळणार, वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून मिळणार. कायद्याची वाटणी आणखी निराळी आहे. 1872च्या भारतीय करार कायद्यात गॅरंटी म्हणजे दुसऱ्याच्या देण्याला जामीन राहणं. बँक गॅरंटी म्हणतात ती हीच. 1930च्या मालविक्री कायद्यात वॉरंटी ही सौद्याची दुय्यम अट. ती मोडली तर भरपाई मागता येते, पण तेवढ्यावरून माल नाकारता येत नाही.

आता गंमत ऐका. ज्या दोन शब्दांवरून दुकानात आणि कोर्टात एवढा काथ्याकूट चालतो, ते मुळात एकच आहेत. नुसते जवळचे नव्हेत, अगदी एकच. फक्त तो शब्द इंग्रजीत दोनदा आला.

1066 साली नॉर्मंडीचा सरदार विल्यम इंग्लंड जिंकून तिथला राजा झाला. त्याच्या माणसांची भाषा फ्रेंचच, पण उत्तरेकडच्या वळणाची. फ्रँक टोळ्यांच्या जर्मानिक बोलीतून फ्रेंचमध्ये शिरलेल्या कितीतरी शब्दांच्या तोंडी 'व' होता. पॅरिसकडच्या लोकांनी त्याचा 'ग' केला, नॉर्मनांनी 'व' तसाच ठेवला. खुद्द या राजाचं नावच बघा: इंग्लंडचा विल्यम फ्रेंच माणसाच्या तोंडी आजही 'गियोम' आहे. वॉरंटी आली ती नॉर्मनांच्या बोलीतून. गॅरंटी बरीच मागाहून, सतराव्या शतकात, 'ग'वाल्या वाटेने पोचली.

एकदा ही किल्ली सापडली की कुलपं भराभर उघडतात. वसतिगृहाच्या प्रवेशअर्जावर वॉर्डनच्या सहीची जागा असते आणि लोकल गार्डियनच्याही. दोघं दोन वेगळी माणसं, पण शब्द एकच: राखणारा. आपली क्रिकेटमधली विकेटसुद्धा नॉर्मन. मूळ अर्थ छोटं दार. तिचं पॅरिसकडचं रूप 'गिशे', म्हणजे तिकडची तिकीटखिडकी.

नॉर्मनांच्याही आधी इंग्लंडच्या किनाऱ्यावर व्हायकिंग उतरले होते. 793 साली त्यांनी लिंडिसफार्नचा मठ लुटला. पुढे नवव्या शतकात त्यांच्यातले बरेच जण तिथेच जमीन धरून राहिले. त्यांची नॉर्स भाषा आणि जुनी इंग्रजी या चुलत बहिणीच, मात्र इंग्रजीने आपला 'स्क' मऊ करून 'श' केला होता, नॉर्सने केला नव्हता. 'आखूड कपडा' अशा अर्थाचा एक जुना जर्मानिक शब्द होता. तो इंग्रजांच्या तोंडी शर्ट झाला, व्हायकिंगांच्या तोंडी स्कर्ट. शेजारी राहायला लागल्यावर दोन्ही शब्द समोरासमोर आले. कालांतराने एकाने कमरेच्या वरचा भाग घेतला, दुसऱ्याने खालचा. ही वाटणी इंग्लंडातली. आइसलंडमध्ये नॉर्सची थेट वारस भाषा बोलतात आणि तिथे 'स्किर्ता' म्हणजे आजही शर्टच!

मला सगळ्यात नवल वाटतं ते 'च' आणि 'श'चं. चीफ आणि शेफ यांची इंग्रजी स्पेलिंगं सारखीच सुरू होतात, त्यामुळे फरक डोळ्यांना दिसत नाही. देवनागरीत लिहिलं की लगेच दिसतो. (आपल्या लिपीचं हे एक उपकारक काम, तिला याचं श्रेय कोणी देत नाही.) दोन्ही एकच फ्रेंच शब्द, अर्थ 'प्रमुख'. तो पहिल्यांदा इंग्रजीत आला तेव्हा फ्रेंच लोक 'च' उच्चारत होते. पुढे त्यांचा 'च' घासून 'श' झाला. एकोणिसाव्या शतकात स्वयंपाकघराच्या प्रमुखासाठी तोच शब्द पुन्हा आणला, तो नव्या उच्चारासकट. म्हणून चेअर, चेंज, चॅप्टर, चॅलेंज हे इंग्रजीतले जुने रहिवासी, आणि मशीन, ब्रोशर, शोफर मागाहून आलेले. फ्रेंचमधून आलेला असा शब्द केवढा जुना, याचा अंदाज नुसत्या कानाने बांधता येतो!

हॉस्पिटल, हॉस्टेल आणि हॉटेल ही तर सख्खी भावंडं. तिघांचं मूळ लॅटिनमध्ये, पाहुण्यांची सोय करण्याची जागा. हॉस्पिटलने लॅटिन अंग जवळजवळ पुरं राखलं. हॉस्टेल जुन्या फ्रेंचमधून आलं. नंतर फ्रेंचमध्ये त्यातला 'स' गळाला आणि उरलं ते हॉटेल. पॅरिसमधल्या सर्वांत जुन्या रुग्णालयाच्या नावात अजूनही हॉटेलच आहे. आपण मिसळ खायला जातो तेही हॉटेल. तिथे मुक्कामाची सोय नसते, याचं कोणाला काही वाटत नाही.

मग एकाच अर्थाचे दोन शब्द हाती आल्यावर भाषा एक टाकून का देत नाही? पुष्कळदा टाकतेही. पण टाकला नाही, तर दोघांना एकाच कामावर फार दिवस ठेवत नाही. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मिशेल ब्रेआल याने 1897 सालच्या आपल्या शब्दार्थशास्त्रावरच्या ग्रंथात या प्रवृत्तीला नियमच म्हटलं आणि 'वाटणी' अशा अर्थाचं नाव दिलं. बोलणाऱ्यांना दोन पर्याय मिळाले की ते नकळत त्यांच्यात फरक पाडतात. शब्दकोशकार येतो तो नंतर, झालेल्या वाटणीची नोंद करायला.

मराठीला हे नवं नाही. क्षेत्र आणि शेत एकच. पण शेतात नांगर चालतो आणि क्षेत्री दर्शनाला जातात. गर्भिणी आणि गाभण एकच. पण गाभण असते ती गाय किंवा म्हैस, आणि बाईला कोणी गाभण म्हटलं तर भांडण ठरलेलं. आपल्याकडे एक रूप झिजत झिजत आलं आणि दुसरं संस्कृतातून जसंच्या तसं पुन्हा उचललं. इंग्रजीत ही ये-जा तीन-चार परक्या दारांतून झाली, एवढाच फरक.

शब्दकोश हाताशी असेल तर कॅटल, चॅटल आणि कॅपिटल हे तीन शब्द काढून बघा. तिन्हींच्या मुळाशी 'डोकं' या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. त्यावरून मुख्य ठेव, मालमत्ता असा अर्थ झाला. नॉर्मनांचं रूप गोठ्यातल्या गुरांना मिळालं, पॅरिसकडचं रूप जंगम मालमत्तेसाठी वकिलांच्या भाषेत उरलं, आणि लॅटिन रूप आज भांडवल म्हणून शेअर बाजारात फिरतं.