पाठचें भावंड

मराठींत दुसऱ्या अपत्याला पहिल्याचें पाठचें भावंड म्हणतात. पहिल्याच्या पाठीवर दुसरें आलें, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. परंतु दोन-अडीच वर्षांच्या मुलाच्या पाठीवर भावंड येतें तेव्हां त्या घरांत जें घडतें, तें या साध्या शब्दांत मावत नाहीं. पाळण्याभोवतीं माणसें जमतात, बारशाची तयारी होते, आत्या कानांत नांव सांगते, झबलीं-टोपडीं येतात. आणि कालपर्यंत त्याच घरांत सर्वांत लहान असलेलें मूल एका रात्रींत ‘मोठें’ ठरतें. त्याचें वय एका दिवसानेंच वाढलेलें असतें. त्याच्याकडून होणाऱ्या अपेक्षा मात्र कित्येक वर्षांनीं वाढतात. दोन तान्ह्या-लहानग्यांच्या घरांतील बहुतेक अडचणींचें मूळ या विसंगतींत सांपडतें.

एकाचें काम होतेंच, आतां तें दुप्पट झालें, अशी सामान्य समजूत असते. ती पुरती खरी नाहीं. घर थकतें तें मुख्यतः दोन मुलांचीं घड्याळें निराळीं असतात म्हणून. नुकतें जन्मलेलें मूल दिवसरात्रींत १४ ते १७ तास झोंपतें; पण ही झोंप तुकड्यातुकड्यांची असते. त्याचें पोट लहान आणि आईचें दूध लवकर पचणारें. म्हणून २४ तासांत ८ ते १२ वेळां तें अंगावर पितें, आणि पहिले कांहीं आठवडे त्याला रात्र आणि दिवस यांतील भेद कळत नाहीं. उलट दोन वर्षांच्या मुलाला एकंदर ११ ते १४ तास झोंप लागते, आणि ती बहुधा रात्रीं सलग व दुपारीं एकदां अशी बसून गेलेली असते. धाकट्याला पहाटे चार वाजतां पाजून आईचा डोळा लागतो न लागतो, तोंच सहाला थोरलें उठून बसतें. दुपारीं थोरल्याला थोपटावें, तर नेमकें त्याच वेळीं धाकटें रडूं लागतें. आईची झोंप या दोन घड्याळांमध्यें सांपडून तिचे तुकडे होतात.

या दोहोंपैकीं घरानें कोणतें घड्याळ पाळावें? बहुतेक घरें नकळत धाकट्याचें पाळतात, कारण त्याचें रडणें थांबविणें तांतडीचें वाटतें. विचारान्तीं मात्र दिवस बांधावा तो थोरल्याच्या घड्याळावर, असेंच दिसतें. अर्भकाला अजून क्रम ठाऊक नसतो. भूक लागली कीं पाजावें, झोंप आली कीं निजवावें, एवढें झालें म्हणजे त्याचें भागतें. आई थोरल्याला वरणभात भरवीत बसली असतां धाकटें तिच्या मांडीवर पिऊं शकतें. थोरल्याला मात्र क्रम हाच आधार असतो. दीड-दोन वर्षांच्या मुलाला वस्तूंच्या आणि घटनांच्या ठराविक क्रमाची उत्कट ओढ असते, हें डॉ. मारिया माँटेसोरी यांनीं आग्रहानें सांगितलें. १९३९ सालीं त्या भारतांत आल्या आणि युद्धामुळें १९४६ पर्यंत येथेंच राहिल्या. ज्या मुलाची आई पूर्वीसारखी मोकळी राहिली नाहीं, त्याला निदान अंघोळीचा तांब्या तोच, ताटली तीच, संध्याकाळचा फेरफटका त्याच वेळीं आणि निजतांना गोष्ट तीच, एवढें मिळालें, तर आपलें जग जागच्या जागीं आहे अशी त्याची खात्री पटते. दुसरें मूल येण्याच्या सुमारास थोरल्याची खोली बदलणें, त्याला बालवाडींत घालणें किंवा शी-शूची नवी शिस्त लावणें हीं कामें यासाठींच कांहीं महिने आधीं उरकावीं, नाहीं तर कांहीं महिने पुढें ढकलावीं.

तरीहि थोरलें मूल बदलतें. चांगलें बोलूं लागलेलें बोबडें बोलूं लागतें, वाटीनें दूध पिणारें बाटली मागतें, कोरडें राहणारें पुन्हां अंथरूण ओलें करतें. आई धाकट्याला घेऊन बसली कीं नेमका त्याच क्षणीं पाण्याचा तांब्या लवंडतो. कधीं पाळण्याशीं जाऊन तें बाळाचा पापा घेतें आणि त्याच श्वासांत चिमटाहि काढतें. वडील माणसें यास हट्ट म्हणतात, मत्सर म्हणतात, आणि “तूं आतां मोठा झालास ना?” असें विचारतात. त्या मुलाच्या बाजूनें पाहिलें तर या वागण्यांत विलक्षण सुसंगति आहे. जें रडतें, जें ओलें करतें, ज्याला बोलतां येत नाहीं, त्यालाच आई उचलून घेते, हें तें रोज पाहतें. मग तेंहि तसेंच करतें. दोन वर्षांच्या मुलाला थांबणें फारसें साधत नाहीं. ‘थोड्या वेळानें’ या शब्दाला त्याच्या लेखीं कांहींच माप नसतें. चिमट्यानें दुसऱ्याला किती दुखतें, याचीहि त्याला अंधुकच कल्पना असते. म्हणून चिमटा काढणारा हात शांतपणें बाजूस घ्यावा, बाळाला मारूं द्यायचें नाहीं हें स्पष्ट शब्दांत सांगावें, आणि त्या मुलाला ‘दुष्ट’ ही पदवी देऊं नये. मागें गेलेलें मूल बहुधा कांहीं आठवड्यांत वा महिन्यांत आपणहून पुढें येतें; धाक घातल्यानें मात्र त्याला उशीर होतो.

या बाबतींत इंग्लंडांतील केंब्रिज येथें झालेलें एक निरीक्षण लक्षांत ठेवण्याजोगें आहे. जूडी डन आणि कॅरल केंड्रिक या दोन संशोधक स्त्रियांनीं दुसरें मूल येणाऱ्या ४० कुटुंबांत प्रत्यक्ष जाऊन बसून, जन्माच्या आधीं व नंतर, घरांत काय चालतें तें टिपून घेतलें. त्यांचें पुस्तक १९८२ सालीं प्रसिद्ध झालें. बाळ आल्यावर आईचें थोरल्याशीं खेळणें कमी होतें आणि खटके वाढतात, हें त्यांना आढळलें. त्यांत नवल नाहीं. महत्त्वाची गोष्ट निराळीच होती. ज्या घरांत आई पहिल्या आठवड्यांपासून थोरल्याशीं बाळाविषयीं, त्यालाहि मन आहे, इच्छा आहे, अशा रीतीनें बोलत असे, त्या घरांत वर्षभरानंतर दोन्ही भावंडांचें एकमेकांशीं अधिक जमत असे. हा उपाय करण्यास पैसा लागत नाहीं आणि निराळा वेळहि लागत नाहीं. “गप्प बस, बाळ उठेल” या ऐवजीं “बघ, बाळ रडतंय. काय बरं हवं असेल त्याला? भूक लागली असेल, का दिवा डोळ्यांवर येतो आहे?” असें विचारलें, कीं थोरलें मूल विचारांत पडतें. कधीं त्याचें उत्तर बरोबरहि निघतें. दुपटें आणून देणें, खुळखुळा वाजविणें, अंघोळीच्या वेळीं टॉवेल धरणें अशीं खरीखुरीं लहान कामें त्याला द्यावीं. मूल आपल्या हातानें काम करून वाढतें, हें गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनीं आपल्या बालशिक्षणांत मुख्य मानलें. १९४५ सालीं ताराबाईंनीं बोर्डीस ग्रामबाल शिक्षा केंद्र काढलें, तेथेंहि तेंच सूत्र होतें. मात्र काम आवडीनें होईल तोंवरच द्यावें. अडीच वर्षांच्या मुलाला दाई करूं नये.

थोरल्याची जागा जाते ती मांडीवरची. पण गरीब घरांत ताटांतलीहि जाते, आणि तेथें प्रश्न मनापुरता राहत नाहीं. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, ज्या मुलखाला तेव्हां गोल्ड कोस्ट म्हणत व आतां घाना म्हणतात, तेथें डॉ. सिसिली विल्यम्स काम करीत असत. एक ते चार वर्षांच्या मुलांचे पाय सुजतात, कातडीवर डाग पडून ती सुटते, केसांचा रंग उतरतो, मूल किरकिरें होतें आणि पुष्कळदां दगावतें, असा आजार त्यांनीं पाहिला. १९३३ सालीं त्यांनीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें आणि १९३५ सालीं तेथील गा भाषेंतील त्याचें नांव वैद्यकास दिलें: क्वाशिऑर्कर. दुसरें मूल आलें म्हणजे पदच्युत झालेल्या पहिल्या मुलाला होणारा आजार, असा त्याचा अर्थ. आई पुन्हां गरोदर राहिली कीं पहिल्याचें दूध तुटे आणि त्याला मक्याच्या पेजेवर राहावें लागे. या रोगाचीं कारणें प्रथम समजलीं गेलीं त्याहून अधिक गुंतागुंतीचीं आहेत, हें पुढील संशोधनानें दाखविलें. परंतु त्या अशिक्षित मातांनीं रोगाला नांव देतांना जें हेरलें होतें, तें खरेंच होतें. पाठचें भावंड येतें तेव्हां धोक्यांत असतें तें केवळ नवें मूल नव्हे.

आपल्याकडेहि गरोदरपणीं अंगावरचें दूध बाधतें अशी समजूत आहे, आणि कडूनिंब लावून एकाएकीं दूध तोडण्याची रीतहि पुष्कळ ठिकाणीं आढळते. पहिले सहा महिने केवळ आईचें दूध आणि त्यानंतर वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षें किंवा अधिक काळ अंगावरचें दूध, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. प्रकृति निरोगी असेल व डॉक्टरांची हरकत नसेल, तर गरोदरपणींहि पाजणें चालूं शकतें; सोडवायचें झाल्यास एकेक वेळ कमी करीत हळूहळू सोडवावें. थोरल्याचें पोट लहान, म्हणून त्याला दिवसांतून तीन-चार वेळां जेवण आणि मधें एक-दोनदां खाणें लागतें. वरणभातावर तूप, दूध-दही, मऊ उसळ, चालत असेल तेथें अंडें, शेंगदाण्याचें कूट, हें साध्या घरांतहि होण्याजोगें आहे. आई बाळंतपणांत असतां थोरल्याला कोण भरविणार, हें आधींच ठरलें पाहिजे. नाहीं तर घरांतील चार माणसांपैकीं प्रत्येकाला वाटतें कीं दुसऱ्यानें भरविलें असेल. एका बाळंतपणानंतर दुसरा गर्भ राहण्यापूर्वीं निदान २४ महिने जाऊं द्यावे, हा सल्ला त्याच संघटनेच्या तज्ज्ञांनीं २००५ सालीं दिला. आईचें शरीर भरून येणें आणि पहिल्याला आपलें बालपण पुरतें मिळणें, दोन्ही त्यांत साधतात.

धाकट्याच्या रक्षणाचा एक मार्गहि थोरल्यावरून जातो. डांग्या खोकल्यासारखा रोग तान्ह्या मुलाला घातक ठरूं शकतो, आणि त्याची पहिली लस टोचली जाते ती सहा आठवड्यांनीं. तोंवर त्याचें संरक्षण घरांतल्या इतरांच्या निरोगीपणावर अवलंबून असतें. थोरल्याची १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यानची लस राहिली असेल, तर ती पाठच्या भावंडाच्या जन्मापूर्वींच द्यावी, आणि बाहेरून आल्यावर हात धुण्याची संवय सर्वांनींच ठेवावी. बाळाला उताणें निजवावें. दोघांना एकटें सोडून क्षणभरहि उठून जाऊं नये. पाळण्यांत खेळणें टाकणें किंवा बाळाच्या तोंडांत चुरमुरे भरविणें हें थोरलें प्रेमानेंच करतें, पण त्याचा परिणाम प्रेमावर अवलंबून नसतो. नाणीं, मणी, अख्खे शेंगदाणे आणि विशेषतः खेळण्यांतील बारीक गोल बॅटरी हाताशीं येईल अशी ठेवूं नये.

हें सर्व कोणीं करावें? पूर्वीं आजी, काकू, आत्या यांच्या हातांत तें वांटलें जाई. पहिलें बाळंतपण माहेरीं करण्याची रीत असल्यानें त्या वेळीं आईची आईहि जवळ असे. दुसऱ्या खेपेस मात्र थोरलें मूल बरोबर असतें, किंवा मागें राहून आईची वाट पाहत असतें. शहरांतील दोन खोल्यांच्या घरांत आज बहुधा आई आणि बाप हीं दोघेंच असतात. नोकरी करणाऱ्या स्त्रियांची बाळंतपणाची रजा २०१७ सालच्या दुरुस्तीनें पहिल्या दोन मुलांसाठीं १२ वरून २६ आठवड्यांवर गेली. केंद्र सरकारच्या नोकरींतील पित्यास १५ दिवस मिळतात. पंधरा दिवस थोडे, पण त्यांत एक गोष्ट करतां येते: थोरल्याची अंघोळ, जेवण आणि निजणें बापाकडे जाऊं शकतें, आणि पुढेंहि त्याच्याकडेच राहूं शकतें. पाजण्याचें काम आईचें. धाकट्याला खांद्यावर घेऊन ढेंकर काढणें, लंगोट बदलणें, झोंका देणें हीं कामें कोणालाहि येतात. तीं बापानें वा आजीनें उचललीं, म्हणजे दिवसांतून पाव तास आई पुन्हां एकट्या थोरल्याची होते. हा पाव तास रोजचा आणि ठराविक असावा. येणाऱ्या पाहुण्यांनींहि बाळाला पाहण्यापूर्वीं दाराशीं उभ्या असलेल्या मुलाशीं दोन शब्द बोलावे.

आणि आईनेंहि स्वतःकडून अशक्य अपेक्षा करूं नये. लंडनचे डॉ. डोनाल्ड विनिकॉट यांनीं युद्धकाळापासून बी.बी.सी.वरून मातांसाठीं भाषणें केलीं; ‘पुरेशी चांगली आई’ ही त्यांची कल्पना पुढें जगभर गेली. निर्दोष आई मुलाला लागत नाहीं. ज्या दिवशीं केर निघाला नाहीं, जेवण पिठलें-भातावर भागलें, पण दोन्ही मुलें पोटभर जेवून निजलीं, तो दिवस चांगलाच गेला असें समजावें. मात्र खिन्नता, रडूं किंवा कशांतच मन न लागणें दोन आठवड्यांहून अधिक टिकलें, तर तो स्वभावदोष न मानतां डॉक्टरांकडे जावें. तो बरा होणारा आजार आहे.

सातव्या-आठव्या महिन्यांत धाकटें बसूं लागतें, रांगूं लागतें, आणि सर्वांआधीं थोरल्याकडेच पाहून खिदळतें. त्याच सुमारास तें थोरल्यानें रचलेला ठोकळ्यांचा मनोराहि पाडतें, आणि घरांत नवें भांडण सुरू होतें. हें भांडण बरोबरीचें असतें. तें चिंतेचें कारण नव्हे. तोंवरचें वर्ष मात्र सांभाळून काढावें लागतें. मोठेपण थोरल्याला हळूहळू आपोआप येईल. तें येईपर्यंत घरांत दोन लहान मुलें आहेत, एक लहान आणि एक मोठें नव्हे, हें वडील माणसांनीं विसरूं नये.