लांबलेलें भाषण आणि सभेबाहेरची वाट

लग्नकार्याच्या बैठकींत एखादे वडीलधारे आप्त बोलूं लागले म्हणजे त्यांस आवरावें कसें, हा प्रश्न एकत्र कुटुंबांतील वाचकांस नवा नाहीं. घरांत तो चहाच्या निमित्तानें सुटतो. परंतु ज्या सभेंत राज्याचे कायदे व्हावयाचे, तेथें चहानें भागत नाहीं. दीर्घभाषी सभासदास नुसतें थांबवावें कीं उठवून बाहेर काढावें, या पेंचांत ब्रिटिश पार्लमेंटची कॉमन्स सभा १८८१ सालीं सांपडली होती.

त्या काळीं तेथें भाषणास कालमर्यादा नव्हती. आयर्लंडच्या मूठभर सभासदांस मताधिक्याच्या बळावर कांहीं मिळण्याजोगें नव्हतें. त्यांनीं जिव्हा हेंच शस्त्र केलें. बेलफास्टचे व्यापारी जोसेफ बिगर यांनीं १८७५ सालीं सरकारी अहवालांतील उतारे वाचीत सभेचे सुमारें चार तास घेतले. आपणांस ऐकूं येत नाहीं, असें सभापतींनीं सुचविलें, तेव्हां हे गृहस्थ कागदांसह पुढें सरकले आणि पुन्हां आरंभापासून वाचूं काय, असें विचारते झाले! शाळेंतील विद्यार्थ्यानें असें केलें असतें तर आम्हीं त्यास निगरगट्टच म्हटलें असतें. पण बिगर यांच्या पाठीशीं एका देशाचें गाऱ्हाणें होतें.

१८८१ च्या जानेवारींत ग्लॅडस्टन सरकारनें आयर्लंडांतील संशयितांस चौकशीवांचून अटकेंत ठेवण्याचा अधिकार देणारें विधेयक आणावयाचें ठरविलें. सोमवार, ३१ जानेवारीस दुपारीं भरलेली बैठक मंगळवार गेला, दुसरी रात्र सरली, तरी उठेना. पार्नेल यांचे सहकारी आळीपाळीनें बोलत होते. सभापतींच्या आसनावरहि पाळ्या लागल्या होत्या. बुधवारीं सकाळीं ९ वाजतां सभापति हेन्री ब्रँड आसनावर आले आणि याउपर कोणास बोलूं देणार नाहीं असें सांगून त्यांनीं प्रश्न मतास टाकला. तोंवर ४१ तास होऊन गेले होते. असें करण्यास आधार देणारा नियम त्या दिवशीं पुस्तकांत नव्हता. चर्चा बंद करण्याचा नियम सभेनें १८८२ सालीं केला. ब्रँड यांस दुसरा उपाय नव्हता हें आम्हीं मान्य करितों. तथापि खेळ मोडूं लागल्यावर केलेला नियम हरणाऱ्या पक्षास पक्षपातच वाटणार.

दुसऱ्याच दिवशीं आयरिश पुढारी मायकेल डॅव्हिट यांच्या अटकेची वार्ता सभेंत आली आणि गोंधळ माजला. जॉन डिलन खालीं बसेनात, तेव्हां सभापतींनीं त्यांचें ‘नांव घेतलें’. त्या सभेंत सभासदाचा उल्लेख त्याच्या मतदारसंघावरून करावयाचा. सभापतींनीं नांव उच्चारलें कीं तें निलंबनाचें पहिलें पाऊल. (आपल्याकडे नांव घेणें हा मंगलकार्यांतील कौतुकाचा प्रकार, तेथें ती शिक्षा!) त्या दिवशीं असे ३६ सभासद बाहेर काढले गेले. शिक्षा होती केवळ त्या बैठकीपुरती. पुढील बैठकीस त्यांच्या जागा त्यांस मोकळ्या होत्या. पण तेवढ्या अवधींतच ग्लॅडस्टन यांनीं चर्चा आवरण्याचे जादा अधिकार सभापतींस देणारा ठराव संमत करून घेतला. ज्यांच्या तोंडास तो ठराव लगाम घालणार होता, तेच त्या वेळीं दाराबाहेर होते.

हें सर्व दूरदेशचें व जुनें, असें कोणी म्हणूं नये. आपल्या महाराष्ट्र विधानसभेनें ५ जुलै २०२१ रोजीं १२ आमदारांस एका वर्षाकरितां निलंबित केलें. त्यांचें वर्तन कसें होतें, या वादांत आम्ही शिरत नाहीं. अधिवेशनापलीकडील तें निलंबन सर्वोच्च न्यायालयानें २८ जानेवारी २०२२ रोजीं घटनाबाह्य ठरविलें, आणि त्या निकालांतील एक मुद्दा आम्हांस फार मार्मिक वाटला. सभासदाची हकालपट्टी केली तर जागा रिकामी होऊन पोटनिवडणूक तरी होते. वर्षभर निलंबित ठेवलें तर कागदोपत्रीं जागा भरलेली, आणि मतदारसंघ मात्र मुका. म्हणून असें निलंबन हकालपट्टीहूनहि वाईट, असें न्यायालयानें म्हटलें. निकाल लागेपर्यंत त्या १२ मतदारसंघांचे सहा महिन्यांहून अधिक दिवस तसेच गेले होते.