उड्डाण-प्रतिरूपणातील चित्राची जुळणी

पडद्यावर विमान उडविण्याचा सराव असलेल्याने तोच कार्यक्रम आभासी वास्तवाच्या हेडसेटमधून पाहावयास घेतला, म्हणजे पहिला अनुभव बहुधा निराशेचा येतो. एरवी सुस्पष्ट दिसणारे उंचीमापकाचे आकडे येथे पुसट होतात, मान वळविताच दृश्य अडखळते, आणि कित्येकांच्या पोटात थोड्याच वेळात ढवळू लागते. संगणक दुबळा आहे, असा निष्कर्ष मग काढला जातो. तो पुष्कळदा अपुरा असतो. कारण चित्र किती सुंदर असावे एवढाच येथे प्रश्न नसून ते किती वेळात तयार व्हावे हाही आहे.

हेडसेट सेकंदाला ९० चित्रे दाखवीत असेल, तर एका चित्रास ११.१ मिलिसेकंद मिळतात. एवढ्या अवधीत दोन डोळ्यांची दोन भिन्न चित्रे सिद्ध व्हावी लागतात. २०२० साली विक्रीस आलेल्या एचपी रिव्हर्ब जी-२ मध्ये प्रत्येक डोळ्यापुढे २१६० × २१६० पिक्सेल आहेत. दोन्ही मिळून ९३ लक्षांहून अधिक, म्हणजे १९२० × १०८० च्या पडद्याच्या साडेचारपट. शिवाय भिंगामुळे येणारी वक्रता आधीच उलट दिशेने भरून काढावी लागते, आणि त्या ओढाताणीत मध्यभागाचे तपशील हरवू नयेत म्हणून मूळ चित्र पडद्याहून मोठे काढतात. २०१६ च्या एचटीसी व्हाइव्हचा पडदा दर डोळ्यास १०८० × १२०० चा होता, तर शिफारस केलेले चित्र १५१२ × १६८० चे, बाजू १.४ पट, पण पिक्सेल जवळजवळ दुप्पट.

येथेच टक्केवारीचा घोटाळा संभवतो. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमधील चित्राच्या प्रमाणाची टक्केवारी लांबीरुंदीस लागू होते. तेथे ७० टक्के म्हणजे ४९ टक्के पिक्सेल. स्टीमव्हीआरमधील टक्केवारी मात्र पिक्सेलांच्या संख्येची आहे. तेथे ५० टक्के केले, तरी बाजू सुमारे ७१ टक्के उरते. दोन्ही प्रमाणे परस्परांशी गुणिली जातात. तेव्हा एक १०० वर स्थिर ठेवून दुसरेच हलविणे शहाणपणाचे.

एका चित्रामागे दोन कारागीर राबतात. प्रोसेसर विमानाचे गतिगणित, रहदारी आणि भूभागाची मांडणी सांभाळतो. ग्राफिक्स कार्ड ती मांडणी रंगविते. जो मागे पडेल त्याच्यावर चित्राची वेळ ठरते. म्हणून काहीही बदलण्यापूर्वी एक साधी परीक्षा करावी. पुढे वर्णिलेली कृत्रिम चित्रांची सोय बंद ठेवून चित्राचा आकार मुद्दाम निम्म्यावर आणावा. लागणारा वेळ घटला, तर अडसर ग्राफिक्स कार्डाचा. घटला नाही, तर प्रोसेसरचा. पहिल्या स्थितीत ढग, सावल्या व परावर्तने यांची प्रत उतरवावी. ढगांची घनता प्रत्येक दृष्टिकिरणावर टप्प्याटप्प्याने मोजावी लागत असल्याने तेथील एक पायरी उतरणे विशेष फलदायी ठरते. दुसऱ्या स्थितीत भूभागाच्या तपशिलाचा पल्ला आणि विमानतळावरील रहदारी कमी करावी. ही परीक्षा न करता ढग घालविणारा आकाशही गमावतो आणि वेळही वाचवीत नाही.

उपकरणफलकाची गोष्ट निराळी. निकोप दृष्टीस एका अंशात सुमारे ६० पिक्सेल हवेत. २०२३ च्या क्वेस्ट ३ मध्ये ते सुमारे २५ आहेत. ही उणीव कोणत्याही जुळणीने भरून निघत नाही, फार तर ती वाढू न देणे एवढेच हाती असते. कडांचा खडबडीतपणा घालविण्यासाठी मागील चित्रांची सरासरी घेणारी पद्धत दूरची झाडे शांत करते, पण बारीक आकडे पुसट करते. २०२२ साली याच सिम्युलेटरमध्ये आलेली डीएलएसएस पद्धत वेळ वाचविते खरी. तथापि झपाट्याने बदलणाऱ्या आकड्यांमागे तिच्यात सावली रेंगाळते. उपकरणांवर विसंबून उडणाऱ्याने हा सौदा पत्करू नये.

वेळ हुकली तर काय होते? हेडसेट अखेरच्या क्षणी डोक्याची ताजी दिशा घेऊन तयार चित्र सरकवितो. डोके केवळ वळले असेल, तर हे बिनचूक साधते. कारण वळण्याने जवळच्या व दूरच्या वस्तू सारख्याच कोनाने सरकतात. डोके पुढे झुकले, की जवळचा फलक अधिक सरकावयास हवा आणि दूरचा डोंगर जवळजवळ नाही. तेथे ही युक्ती फसते. यापुढची युक्ती म्हणजे ४५ खरी चित्रे घेऊन मधली ४५ गतीच्या अनुमानाने रचणे. त्यामुळे प्रत्येक चित्रास २२.२ मिलिसेकंद मिळतात. उंचावरून जाताना भूमी संथ सरकते, अनुमान खरे ठरते, आणि वैमानिकास काही कळतही नाही. पंख्याची पाती किंवा धावत्या जमिनीपुढील खिडकीची चौकट यांच्या कडा मात्र पाण्यातल्यासारख्या हलतात. प्रवासी उड्डाणास ही सोय उत्तम. जमिनीलगतच्या कसरतीस नव्हे. तरीही ५० ते ८० मध्ये हेलकावणाऱ्या वेगापेक्षा स्थिर ४५ केव्हाही बरे.

कारण डोळ्यांना गती दिसते आणि आतल्या कानाला ती जाणवत नाही, हा विसंवाद हेडसेटपूर्वीचाच आहे. हॅव्हरन व बटलर यांनी १९५७ साली हेलिकॉप्टरच्या प्रशिक्षणयंत्रावर अशा मळमळीची नोंद केली होती. अडखळणारे चित्र त्यात भर घालते. २०२१ साली युरोपीय संघाच्या विमानसुरक्षा संस्थेने रॉबिन्सन आर-२२ हेलिकॉप्टरच्या आभासी वास्तवावर आधारलेल्या प्रशिक्षणयंत्रास प्रमाणपत्र दिले. तेव्हापासून हा विषय छंदापुरता राहिलेला नाही. मळमळ टाळण्यासाठी शिकाऊ वैमानिक मान वळविणेच टाळू लागला, तर तीच सवय तो खऱ्या विमानात नेईल.

मोजमाप निरभ्र समुद्रावर करू नये. मोठ्या विमानतळावर, ढगाळ हवेत, उतरण्याच्या अखेरच्या टप्प्यात वेळ मोजावी, एका वेळी एकच नोंद बदलावी, आणि सरासरीपेक्षा सर्वांत संथ चित्रांकडे लक्ष द्यावे.