पेट्रोलची पॅट्रोल आणि विजेची मोटार : गॅरेजवाल्यांसाठी एक हिशेब

मोटार दुरुस्तीच्या धंद्यावर आपल्या समाजातील असंख्य घरांची चूल पेटते. इंजिन मिस्त्री, डेंटर, पेंटर, रेडिएटरवाले, सायलेन्सरवाले, कुशनवाले, टायरवाले आणि कुर्ला व चोरबाजारात जुने सुटे भाग विकणारे व्यापारी हे सगळे मोटारीच्या पोटावर जगतात. आता त्या मोटारीचे पोटच बदलू लागले आहे. तेव्हा नवी मोटार जुनीपेक्षा चांगली की वाईट, एवढ्यावर आपल्याला थांबता येणार नाही. तिच्यात आपल्या हाताला कोणते काम उरते, हेही पाहिले पाहिजे. यासाठी दोन गाड्या समोरासमोर ठेवून पाहू.

पहिली गाडी निसान पॅट्रोल. रत्नागिरी, रायगडच्या ज्या बांधवांनी आखातात ड्रायव्हर किंवा मेकॅनिक म्हणून नोकरी केली आहे, त्यांना या गाडीची ओळख करून द्यायला नको. २०१० साली आलेल्या पॅट्रोलच्या वरच्या मॉडेलमध्ये आठ सिलिंडरांचे ५.६ लिटरचे, ४०० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन आहे. वजन अडीच टनांहून अधिक. वेगळ्या लोखंडी चासीवर बॉडी बसवलेली, चारही चाकांना ओढ देणारी, आत आठ माणसांची ऐसपैस जागा. वाळवंटात चालणारी आणि जड ट्रेलर ओढणारी ही गाडी शेख लोकांच्या पसंतीची आहे.

दुसरी गाडी टेस्ला कंपनीची मॉडेल वाय. ही पूर्णपणे विजेवर चालते. अशा गाडीला क्रॉसओव्हर म्हणतात, म्हणजे दिसायला जीपसारखी उंच, पण बांधणीने साधी मोटार. वेगळी चासी नाही. वजन दोन टनांच्या आसपास, जागा पाच माणसांची. ही गाडी आखातातही विकली जाते आणि जुलै २०२५ मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातही तिचे दुकान उघडले. त्या वेळी तिची सुरुवातीची किंमत सुमारे ६० लाख रुपये होती. गाडी तयार होऊन परदेशातून येते व तिच्यावर मोठी आयात जकात बसते, हे त्याचे मुख्य कारण.

इंधनाचा हिशेब

पॅट्रोलचे हे मोठे इंजिन एका लिटरमध्ये साधारण साडेसहा किलोमीटर चालते, म्हणजे १०० किलोमीटरला सुमारे १५ लिटर. हिशेबासाठी पेट्रोल १०० रुपये लिटर धरू. १०० किलोमीटरचा खर्च १,५०० रुपये झाला.

मॉडेल वायला तेवढ्याच अंतरासाठी, चार्जिंगमधील तूट धरून, सुमारे २० युनिट वीज पुरते. घरच्या मीटरवर युनिटला १० रुपये धरले तर २०० रुपये. बाहेरच्या जलद चार्जिंग केंद्रावर २५ रुपये धरले तरी ५०० रुपयेच होतात.

एवढा फरक का पडतो? एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. म्हणजे पॅट्रोल १०० किलोमीटरला १३५ युनिट ऊर्जा जाळते. परंतु इंजिन त्यातील जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा चाकापर्यंत पोहोचवते. बाकीची रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता बनून निघून जाते. विजेची मोटर मात्र मिळालेल्या विजेतील सुमारे नव्वद टक्के कामी लावते. शिवाय ब्रेक लावताना हीच मोटर डायनामोसारखी उलटी काम करून थोडी वीज बॅटरीत परत भरते.

आता वर्षाचा हिशेब पाहा. जो वर्षाला १५,००० किलोमीटर फिरतो, त्याचे पेट्रोल सव्वादोन लाखांचे आणि घरची वीज ३० हजारांची. बचत १ लाख ९५ हजार. जो केवळ ३,००० किलोमीटर फिरतो, त्याची बचत मात्र ३९ हजारच. इंधन वाचवण्यासाठी ६० लाखांची गाडी घेणे हा व्यापाऱ्याचा हिशेब नव्हे. तो पैसा दुकानाच्या मालात फिरला तर अधिक कमावेल. गरजेपेक्षा मोठे वाहन केवळ मिरवण्यासाठी घेणे हा इस्राफच, मग ते पेट्रोलवर चालो की विजेवर.

पॅट्रोलच्याही जमेच्या बाजू आहेत. तिची टाकी पाच मिनिटांत भरते. मॉडेल वायला जलद केंद्रावरही अर्धा तास लागतो आणि घरी चार्जिंगला पूर्ण रात्र जाते. चाळीत वा झोपडपट्टीत जिथे गाडी लावायलाच जागा नाही, तिथे चार्जिंगचा खांब कुठे लावणार? वीज कोळशावर तयार होत असेल तर धूर आपल्या गल्लीऐवजी वीज केंद्राच्या धुराड्यातून निघतो, हेही खरे आहे. दुसऱ्या बाजूला, पेट्रोल कायम स्वस्त राहील या भरवशावरही कोणी राहू नये. संयुक्त अरब अमिरातीसारख्या तेलाच्या देशानेही ऑगस्ट २०१५ पासून सरकारी ठरावीक दर सोडून पेट्रोल जागतिक बाजाराला जोडले.

मिस्त्रीच्या टेबलावरून

आता बॉनेट उघडू. पॅट्रोलमध्ये आठ पिस्टन, बत्तीस व्हॉल्व्ह, आठ प्लग, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, पेट्रोल पंप, वॉटर पंप, पट्टे, स्टार्टर, अल्टरनेटर, सात गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स, चार चाकांसाठी ट्रान्सफर केस आणि लांबलचक सायलेन्सर. दर ५ ते १० हजार किलोमीटरला इंजिन ऑइल बदलणे आलेच. म्हणजे गाडी गॅरेजला येत राहते.

मॉडेल वायमध्ये यातील जवळजवळ काहीच नाही. मोटर, एका ठरावीक गतीचा छोटा गिअर, वीज नियंत्रित करणारा इन्व्हर्टर आणि तळाशी पसरलेली मोठी बॅटरी, एवढाच संसार. इंजिन ऑइल नाही, प्लग नाही, सायलेन्सर नाही. मोटर गाडीचा वेग कमी करते म्हणून ब्रेक पॅडही जास्त टिकतात. बॅटरीवर कंपनीची ८ वर्षांची हमी असते, त्यामुळे तोवर ती बाहेरच्या मिस्त्रीकडे येणारच नाही.

याचा अर्थ इंजिन बांधणारा, ट्यूनिंग करणारा आणि सायलेन्सरवाला यांचे काम या गाडीत संपते. परंतु सगळेच संपत नाही. गाडी जड आणि उचल जोरदार असल्याने टायर लवकर झिजतात. सस्पेन्शनचे बुश, बॉल जॉइंट, व्हील बेअरिंग तसेच राहतात. एसीचे काम उलट वाढते, कारण बॅटरी थंड ठेवण्याचे कामही त्याच यंत्रणेकडे असते. रेडिएटर आणि कूलंट याही गाडीत आहेत. डेंटिंग, पेंटिंग, काचा आणि कुशन यांना तर पेट्रोल काय आणि वीज काय!

जिवाशी खेळ नको

एक गोष्ट मात्र प्रत्येक गॅरेजमध्ये भिंतीवर लिहून ठेवावी. आपल्या जुन्या गाड्यांत १२ व्होल्टची बॅटरी असते, हात लागला तर काही होत नाही. विजेच्या गाडीत साडेतीनशे व्होल्टच्या आसपास डी.सी. करंट असतो. तो माणूस मारतो. नारिंगी रंगाच्या जाड केबलला प्रशिक्षण घेतल्याशिवाय हात लावू नये. १,००० व्होल्टसाठी प्रमाणित रबरी हातमोजे, इन्सुलेटेड पाने आणि मीटर असल्याशिवाय हे काम स्वीकारूच नये.

डेंटर बांधवांनी वेल्डिंगपूर्वी मोठ्या बॅटरीचा पुरवठा माहीतगार माणसाकडून बंद करून घ्यावा. पेंट सुकवताना भट्टी किती तापवायची आणि गाडी आत किती वेळ ठेवायची, याला कंपनीची मर्यादा असते, ती आधी विचारावी. जॅक ठरवून दिलेल्या जागीच लावावा, नाहीतर तळाची बॅटरी दाबली जाते. बंद पडलेली गाडी दोरी बांधून ओढू नये. चाके फिरली की मोटर वीज निर्माण करते. ती सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी.

काय करावे?

घाबरण्याचे कारण नाही. रस्त्यावरच्या पेट्रोल-डिझेल गाड्या अनेक वर्षे दुरुस्तीला येत राहतील. पण हात बांधून बसणेही परवडणारे नाही.

पहिली गोष्ट, सुट्या भागांच्या व्यापाऱ्यांनी इंजिनाचा माल गोदामात वर्षानुवर्षे साठवू नये. विक्रीचा माल म्हणून जकात तर त्याच्यावर दरवर्षी निघते आणि माल पडून राहिला तर भांडवलही अडकते. हत्यारे आणि यंत्रे, जी विकायची नाहीत, त्यांवर जकात नाही. तेव्हा पैसा हत्यारात आणि हुनरात घातलेला बरा.

दुसरी गोष्ट, प्रत्येक गॅरेजमधून निदान एका मुलाला शिकायला पाठवावे. आय.टी.आय.मध्ये आता विजेच्या वाहनांच्या मेकॅनिकचा स्वतंत्र ट्रेड आहे. दहावी झालेल्या मुलाला नुसता पाना हाती देऊन चालणार नाही. त्याला मीटर वाचता आला पाहिजे आणि सर्किटचा नकाशा समजला पाहिजे.

तिसरी गोष्ट, स्कॅनर, इन्सुलेटेड हत्यारे आणि लिफ्ट एकट्याला परवडत नसतील तर चार गॅरेजवाल्यांनी भागीदारीत घ्यावीत. व्याजाचे कर्ज काढण्यापेक्षा नफा-तोटा वाटून घेण्याचा मार्ग आपल्याला शिकवलेला आहे. तो अशाच वेळी कामी येतो.

सुरुवात महागड्या मोटारीपासून करण्याचीही गरज नाही. आपल्या मोहल्ल्यात विजेच्या रिक्षा आणि स्कूटर आजच फिरत आहेत. त्यांच्यावर हात बसला तर उद्या मोठी गाडी दारात आल्यावर ती परत पाठवावी लागणार नाही, इन्शाअल्लाह.