आखातातून कायमचे परतताना सामानाचे काय करावे?

नोकरीचा करार संपून व्हिसा रद्द होण्याची तारीख ठरली, की दुबई, शारजा, कुवेत, मस्कत येथील आपल्या बांधवांच्या खोलीत सामानाचीच चर्चा सुरू होते. विमानात तिकिटाप्रमाणे वीस-तीस किलो नेता येते. खोलीत मात्र दहा वर्षांचा संसार साठलेला असतो. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून सगळे कार्गोवाल्याच्या हवाली केले जाते आणि गावी आल्यावर हिशेब मांडला, तर ग्रॅच्युइटीचा मोठा घास या खोक्यांनीच खाल्लेला दिसतो. घामाचा पैसा असा जाऊ नये, म्हणून परतणाऱ्यांनी आणि इकडे वाट पाहणाऱ्या भगिनींनीही काही गोष्टी आधीच समजून घ्याव्यात.

आधी काय पाठवायचे ते ठरवावे. गादी, लोखंडी पलंग, जुना फ्रिज, मिक्सर या वस्तू तिथेच विकाव्यात किंवा नव्याने आलेल्या एखाद्या मुलाला द्याव्यात. इकडे त्या सहज मिळतात. टीव्हीचा मोह तर सोडलेलाच बरा. २६ ऑगस्ट २०१३ पासून सरकारने फ्लॅट टीव्ही प्रवाशाच्या नेहमीच्या करमुक्त सवलतीतून वगळला. भाडे, कर आणि फुटण्याची धास्ती धरली, तर ठाण्या-नागपुरातल्या दुकानातला टीव्ही काय वाईट? मुलांची पुस्तके, चांगली भांडी, हत्यारे, शिलाई मशीन, कपडे यांचे मात्र भाडे देणे परवडते.

आता भाड्याचे गणित पाहू. विमान कार्गोत वजन आणि आकारमान यांपैकी जे जास्त भरेल त्यावर पैसे घेतात. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून साधारणपणे ६००० ने भागतात. समजा, ६० × ४५ × ४५ चे खोके आहे आणि आत रजया आहेत. काट्यावर ते आठ किलो भरते, पण हिशेबात वीस किलो धरले जाते! हे ठाऊक नसल्यामुळे अनेकांची कार्गोवाल्याशी वादावादी होते. समुद्रमार्गे कंटेनरमध्ये जागा घेतली, तर भाडे बहुधा घनमीटरवर असते आणि वर सांगितलेल्या मापाची आठ खोकी मिळून जवळजवळ एक घनमीटर होतो. म्हणजे पुस्तके, भांडी, हत्यारे अशा जड पण जागा कमी खाणाऱ्या वस्तूंना समुद्रमार्ग स्वस्त पडतो. काही दुकाने समुद्राचे भाडेही किलोवर सांगतात, तेव्हा दोन्ही प्रकारे हिशेब करून पाहावा. चार-पाच मित्रांनी मिळून सामान पाठवले, तर घासाघीस करता येते, पण प्रत्येकाची यादी, नाव आणि पासपोर्ट वेगळा ठेवावा. दुसऱ्याचे बंद खोके आपल्या नावावर कधीही घेऊ नये, मग तो सख्खा मावसभाऊ का असेना.

जहाज जेबेल अलीहून न्हावाशेवाला काही दिवसांतच पोहोचते. वेळ जातो तो कंटेनर भरेपर्यंत आणि पुढे कस्टममध्ये. सामान बंदरात पडून राहिले, तर त्याचे भाडे चढत जाते आणि ते सामानाच्या किमतीपेक्षाही जास्त होऊ शकते. मागाहून येणाऱ्या सामानात स्वतःच्या वापरातल्या वस्तूंना सूट मिळते. नव्या, सीलबंद वस्तूंवर कर लागू शकतो. कायमचे परतणाऱ्यांसाठी वेगळी सवलत असते. २०१६ च्या बॅगेज नियमांत दोन वर्षे परदेशी राहिलेल्यांना ती पाच लाख रुपयांपर्यंत होती आणि सामान प्रवाशाच्या आधी दोन महिन्यांपर्यंत येऊ शके किंवा तो आल्यावर महिनाभरात तिकडून निघावे लागे. हे आकडे बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी कस्टमचे ताजे नियम पाहूनच यादी करावी. पासपोर्ट, तिकीट, पावती आणि यादी यांच्या तीन-तीन प्रती जवळ असाव्यात.

"डोअर टू डोअर" या शब्दालाही भुलू नये. हे दार मुंबईपर्यंतचे की खेड-चिपळूणच्या वाडीपर्यंतचे, कस्टमचा कर धरून की सोडून, हे पावतीवर लिहून घ्यावे. तोंडी भाव पुढे कुणालाच आठवत नाही.

विमा हा फुकटचा खर्च, असे पुष्कळांना वाटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली लंडनहून परतले, तेव्हा ते स्वतः एका जहाजाने आले आणि त्यांचे सामान दुसऱ्या जहाजावर होते. महायुद्धाचे दिवस होते. सामानाचे जहाज जर्मन पाणबुडीने बुडवले आणि सामान समुद्रतळाशी गेले. थॉमस कुक कंपनीकडून ६०० रुपये नुकसानभरपाई मिळाली, त्यातूनच बडोद्याला जाण्याचा खर्च निघाला. भरपाई हवी, तर प्रत्येक खोक्यात काय आहे आणि त्याची किंमत किती, याची सही-शिक्क्याची यादी लागते. सर्टिफिकेटे, नोकरीचा दाखला, बँकेचे कागद, दागिने आणि घरच्यांचे फोटो मात्र खोक्यात न घालता हातातल्या बॅगेतच आणावेत.

खोकी घरी आली, की पोचपावतीवर सही करण्यापूर्वी ती मोजावीत. एखादे ओले, फाटलेले किंवा पुन्हा चिकटवलेले दिसले, तर आणणाऱ्यासमोरच उघडून फोटो काढावा आणि झालेले नुकसान पावतीवर लिहूनच सही करावी. घरी फक्त आई असेल, तर तिला हे आधीच फोनवर समजावून ठेवावे.