ताण आईला, तोटा बाळाला

बाळाची काळजी दिवस राहिल्यावर घ्यायची, हा समज अपुरा आहे. कर्ज, घरातील कटकट, ‘अजून पाळणा कसा हलेना?’ हा तगादा यांचा ताण फार दिवस राहिला की झोप उडते, अन्न गोड लागत नाही. अशा स्त्रियांत अपुऱ्या दिवसांच्या किंवा अडीच किलोंहून कमी वजनाच्या बाळाचा धोका वाढू शकतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ पासून सहा खेड्यांत केलेल्या अभ्यासात गरोदरपणापूर्वी स्त्रियांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो, तर बाळांचे २.७ किलो भरले. गरोदरपणी जास्त कष्ट उपसणाऱ्यांची बाळे आणखी लहान होती. राहात्याच्या शिवारात ऊस तोडणारी आणि सुखवस्तू घरातली, दोघींच्या बाळांची सुरुवात म्हणूनच सारखी नसते.

मूल हवे असेल तर आधीच वजन, हिमोग्लोबिन तपासा, डॉक्टरांच्या सल्ल्याने फॉलिक ॲसिड सुरू करा आणि घरातल्यांनी तिचा कामाचा भार वाटून घ्यावा.