कोल्हापुरी चप्पल

माझे बाबा आंबा घाटातून कोल्हापूरला गेले की तिथली चप्पल आणतात. अस्सल कोल्हापुरीला खिळा नसतो. कातड्याच्याच वादीने ती शिवतात. कातडे बाभळीची साल नि हिरडा घालून कमावतात. नवीन असताना चप्पल चावते, मग आजी म्हणते, तेल लाव रे तिला. ती कर्र कर्र वाजते ते मला फार आवडते. पण आपल्याकडच्या पावसात तिचा काय उपयोग नाही. भिजली की फुगते, म्हणून चार महिने ती माळ्यावर असते.

कापशी नावाची पण चप्पल आहे. ते नाव कापशी गावावरून पडले. २०१८ साली आपल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, तसे कोल्हापुरीला २०१९ साली मिळाले. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांतल्या चपलेलाच ते नाव लावता येते.

जून २०२५ मध्ये इटलीतल्या प्राडा कंपनीने तशाच चपला दाखवल्या, पण कोल्हापूरचे नाव घेतले नाही. लोक रागावले. बाहेरचा आंबा रत्नागिरीच्या पेटीत भरला तर आपल्याला राग येतो ना? तसाच. मग कंपनीने कबूल केले की कल्पना भारतातल्या चपलेवरून घेतली.

आमच्या बाजारात प्लास्टिकची कोल्हापुरी मिळते. ती वाजतच नाही.